मोहरीएवढी गोळी

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी कैची जागी व्हायची. माय बिड्यांसाठी तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवी, आणि उजाडलं की दारात, जिथे सगळ्यात आधी उजेड पडे तिथे, पाय पसरून पानं कापायला बसे. पत्र्याचा बोटभर लांब तुकडा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेकडेनं कैची फिरवायची, कापलेलं पान डावीकडे, उरलेली चिंधी उजवीकडे. कचकच, कचकच. त्या आवाजानं माझी झोप कधी मोडली नाही. तो थांबला की मात्र मोडायची. थांबला म्हणजे माय चुलीकडे गेली, आता चहा होणार. आजही एखाद्या शिंप्याच्या दुकानावरून जाताना कैचीचा आवाज आला की मला उगीचच चहाची तल्लफ येते. नातवंडं हसतात. हसोत बापडी.

गाव आमचं भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यापासून अडीच मैलांवर. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या बऱ्याच बायका अजून आहेत, आणि त्यांच्या सुनांना सगळंच कळायला हवं असं नाही. बाबांच्या वाटणीला धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, आली होती. धान कापलं की त्याच ओलीवर लाखोरीची डाळ पेरायची. त्यामुळे थंडीचे दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ भात आणि लाखोरीचं वरण, मध्ये कधी लाखोरीच्याच कोवळ्या पाल्याची भाजी, आणि बाजाराच्या दिवशी तलावातले झिंगे मिळाले तर सणच. लाखोरी जास्त खाल्ली की पाय लुळे पडतात असं सरकारचं माणूस येऊन सांगून गेलं होतं. बाबा जेवताना पाय लांब करून म्हणत, "पाह्य, माहे पाय सरळ हायेत का नाही? मंग सरकारले काय दिसते भंडाऱ्यात बसून?" आणि आणखी एक पळी वरण घेत. सरकारनं काही धोक्याचं सांगितलं की आमच्या घरात आधी हसू यायचं, हे इथे लिहून ठेवते.

मी सातवीत होते त्या वर्षी घरात नान्ह्या होता. नान्ह्या म्हणजे माझा भाऊ, आठ महिन्यांचा, गोल डोक्याचा, रांगायला लागलेला. आढ्याला मायच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असे आणि तिच्या दोरीचं दुसरं टोक मायच्या पायाच्या अंगठ्याला. हातानं बिडी वळायची, पायानं झोळी हलवायची. पण रांगतं मूल झोळीत किती राहणार? तो उतरे, थेट सुपाकडे येई आणि सुपात तंबाखूचा चुरा. एकदा त्यानं मूठभर तोंडात घातला आणि ओकून ओकून निळा पडला. एकदा कैचीवर हात पडला. आठवड्यातून दोनदा सट्टेदाराकडे, म्हणजे बिडीच्या ठेकेदाराकडे, माल पोचवायचा असे, आणि त्याचा मुनशी बिड्यांचा एकेक कट्टा, म्हणजे जुडी, सोडून बघे. मूल रडत असताना वळलेली बिडी सैल होते. सैल बिडी तो मोडून टाकत असे.

यावर गावात एक उपाय होता आणि तो सगळ्या घरांत होता. आमची सुईण गोपिकामाय छोट्या काळ्या गोळ्या वळायची, मोहरीएवढ्या. गुळात घोळलेल्या, तेंदूच्या पानाच्या तुकड्यात बांधलेल्या. बाळगोळी. सकाळी मूल पाजून झालं की एक गोळी बोटावर दुधात विरघळवायची आणि बोट मुलाला चोखायला द्यायचं. मूल दुपार कलेपर्यंत निजायचं. मायची बोटं तेवढ्यात घड्याळासारखी चालायची. गोपिकामायनं मला या जगात आणलं, नान्ह्याला आणलं, गावातलं चाळिशीच्या आतलं जे काही चालतं-बोलतं होतं ते सगळं तिच्याच हातून आलं होतं. पाठीत वाकलेली, कमरेला चंची, येताजाता कुणाच्याही मुलाचं नाक पदरानं पुसणारी. तिनं दिलेली वस्तू वाईट असेल हे मनात येण्याचं कारणच नव्हतं. गोळी कशाची हेही कुणी विचारत नसे. काढ्याला काढा म्हणतात, गोळीला गोळी.

आजच्या मुली हे वाचून म्हणतील, कसल्या आया होत्या! माझी मोठी सून म्हणालीच. मी तिला म्हटलं, तुझ्या लेकाला जेवताना मोबाइल कोण देतं? ती रुसली दोन दिवस. मला तिला टोमणा मारायचा नव्हता. खरंच एवढंच सांगायचं होतं की दोन्ही हात कामात अडकलेल्या बाईला मूल गप्प हवं असतं, आणि माझी माय आपल्या मुलावर जीव ओवाळून टाकणारी बाई होती.

मग अमली पदार्थांवरचा नवा कायदा आला. आमच्याकडे तो कोतवालाच्या डफड्यावर आला. चावडीपुढे उभं राहून त्यानं ओरडून सांगितलं, "आइका हो आइका! गांजा, अफू, चरस, ज्याच्या घरी सापडन त्याले दहा वर्ष जेल! जमानत नाही!" पुढे शहाणी झाल्यावर मी वाचलं की अगदी थोडक्या मालाची गोष्ट वेगळी होती, शिक्षाही वेगळी होती, पण दवंडीत तेवढं बारीक कोण सांगतो? बाबा त्या दिवशी हसले नाहीत. कारण पाटाच्या पलीकडे एकाच्या परसात गांजाची दोन झाडं होती, भजनाच्या चिलमीपुरती, ती त्यानं दुपारच्या आत उपटून शेणाच्या खड्ड्यात पुरली. आणि माय घरात आली, झोळीच्या दोरीला बांधलेली तेंदूच्या पानाची पुडी सोडली आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवली. मी ते पाहिलं. मायनं मी पाहिलेलं पाहिलं. कळत होतं पण वळत नव्हतं, म्हणतात ते हेच.

कायद्यापाठोपाठ शाळेत पोस्टर आलं. त्यावर एक कवटी, आणि कवटीच्या खाली लांब केसांचा, बेलबॉटम पँटचा एक पोरगा, दंडात सुई टोचून पडलेला. सातवीतल्या आम्हा पोरांनी सुई म्हणजे देवी टोचणाऱ्या बाईच्याच हातात पाहिली होती, त्यामुळे तो पोरगा देवीला भिऊन बेशुद्ध पडला असावा असाच बऱ्याच जणांचा समज झाला. गुरुजींनी समजावून सांगितलं की शहरात गर्द नावाची पांढरी पूड असते, ती ओढून चांगल्या घरची मुलं वाया जातात. शाळेच्या संमेलनात भंडाऱ्याहून पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे 'अमली पदार्थ : तरुणांचा शत्रू' या विषयावर बोलायला गुरुजींनी मला निवडलं, कारण माझा आवाज मोठा होता. भाषण त्यांनीच लिहून दिलं. "अफू, गांजा, चरस, गर्द! हे चार राक्षस आपल्या देशाच्या उंबरठ्यावर उभे ठाकले आहेत!" चार म्हणताना चार बोटं दाखवायची होती. मी बांधावर, विहिरीवर, गुरांपुढे चार बोटं दाखवत फिरत होते. आमची लंगडी म्हैस माझं सगळं भाषण ऐकून तयार झाली होती.

संमेलनाला तीन दिवस उरले होते. त्या दिवशी मायचा माल पोचवायचा वार होता. तिनं सकाळी नेहमीसारखं नान्ह्याला पाजलं, गोळी दिली, उरलेल्या बिड्या बांधल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "पानंबी आणाची हायेत, मले वेळ लागन. झोळीवर ध्यान ठेवजो. मी आल्याशिवाय हालू नको." बाबा बांधीत. दुपारी गुरुजींनी शेवटच्या तालमीला बोलावलं होतं, एकटीला, हेडमास्तरांपुढे. मायला मी ते सांगितलं नव्हतं, कारण ती नाही म्हणाली असती. मी झोळीपाशी बसले. वाटलं, निजला आहे तोवर जाऊन येऊ. तर नान्ह्या कुंकूं करायला लागला. रडला नाही, नुसता कुंकूं. झोळी हलवली तरी थांबेना. शाळेची घंटा झाली. मी कोठीमागे हात घातला. माय कसं करते ते रोज पाहतच होते. दुधाची वाटी होती, बोट होतं. मोहरीएवढी गोळी. त्यानं माझं बोट दोन दातांनी चावलं, मग चोखलं. मी झोळीवर पदरासारखी ओढणी टाकली आणि शाळेत पळाले. आणि हेडमास्तरांपुढे उभी राहून ठणठणीत आवाजात म्हटलं, "अफू, गांजा, चरस, गर्द!"

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. माणसाला स्वतःची लाज इतकी वर्षं पुरू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

परत आले तेव्हा दारात टोपली उलटी पडली होती आणि तेंदूची पानं अंगणभर. माय नान्ह्याला मांडीवर घेऊन त्याच्या गालावर चापट्या मारत होती. "नान्ह्या, अरे नान्ह्या, ऊठ ना रे बापा." त्याचे ओठ जांभळे झाले होते. श्वास यायचा, मग इतका वेळ यायचा नाही की आपलाच श्वास थांबायचा, मग घुर्र करून एक यायचा. बाबा बांधीतून धावत आले, पायाला चिखल तसाच. सायकल काढली. माय मुलाला घेऊन मागच्या कॅरिअरवर बसली आणि मी कुणी न सांगता पुढच्या दांड्यावर चढले. कुणी मला उतर म्हटलं नाही. वाटेत लाखोरीची निळी फुलं फुललेली दोन्हीकडे, आणि मागून माय एकच सांगत होती, "डाक्टरनं इचारलं तं सांगाचं, झटके आले. दुसरं कोणीच काही बोलाचं नाही. आइकलं का? दहा वर्ष नेतेत." बाबा फक्त हव, हव करत पायडल मारत होते.

कोंढ्याला तेव्हा एक तरुण डॉक्टर बसायचे. बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्या, बाहेर बाक. त्यांनी मुलाला टेबलावर ठेवलं, छातीवर नळी लावली आणि विचारलं, "काय झालं?"

"झटके आले जी," माय म्हणाली. "अचानक आले."

"खायला काही दिलं होतं?"

"काही नाही जी. अंगावरचंच दूध."

त्यांनी पापणी उघडून बॅटरी मारली आणि बराच वेळ पाहत राहिले. नान्ह्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शेजारच्या ताटलीत त्यांची सुई भरून तयार होती. ती त्यांनी वर धरली आणि अगदी सावकाश बोलले. "बाई, हे झटक्यांचं इंजेक्शन आहे. झटके असतील तर यानं पोर वाचेल. पण याच्या पोटात झोपेचं, नशेचं काही गेलं असेल, तर हेच इंजेक्शन त्याचा श्वास बंद करेल. म्हणून शेवटचं विचारतो. काही दिलं होतं का?"

मायनं दाराकडे पाहिलं. समोरच्या टपरीवर पोलीस जमादार चहा पीत बसला होता, टोपी बाजूला बाकावर काढून ठेवलेली. माय त्या टोपीकडे पाहत राहिली. बाबा जमिनीकडे पाहत होते. मला त्यांचा राग येत नाही. तेव्हाही आला नाही. दोघांना त्या क्षणी एकीकडे लेकरू दिसत होतं आणि एकीकडे जेल, आणि झटके म्हणून धकून जाईल अशी वेडी आशा होती. डॉक्टरांनी मुलाची मांडी पुसली.

"देल्ली जी," मी म्हणाले. ओरडलेच. "गोळी देल्ली. अफूची. मायनं सकाळी एक अन् मंग मी एक. दोन झाल्या जी, दोन."

अफू हा शब्द मी शाळेबाहेर पहिल्यांदा तोंडातून काढला. मायनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू?" बस, तेवढंच.

डॉक्टरांनी ती सुई ताटलीत टाकली. त्यानंतर तिथे जे चाललं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. नाकातून नळी घालून पोट धुणं. तोंडाला तोंड लावून डॉक्टर त्याच्या छातीत हवा भरत होते, मध्ये थांबून मोजत होते. कंपाउंडरला मोटरसायकलवर भंडाऱ्याला पिटाळलं, या विषावरचं औषध तिथे मिळालं तर आण म्हणून. मायला त्यांनी सांगितलं, "तळव्यांना टिचक्या मारत राहा. झोपू द्यायचं नाही. निजला की श्वास विसरतो तो." माय टिचक्या मारत होती आणि प्रत्येक टिचकीला म्हणत होती, "नीजू नको माह्या बापा, नीजू नको." आठ महिने जी बाई त्याला निजवायला धडपडत होती तीच. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात, काय सांगू, ते भाषण चालू होतं. थांबवता येईना.

उन्हं उतरायला लागली तेव्हा नान्ह्यानं तोंड वाकडं केलं आणि एक बारीक, चिडका, मांजरासारखा आवाज काढला. मग आणखी एक. मग जो सूर लावला तो टपरीपर्यंत पोचला. भंडाऱ्याचं औषध पोचायच्या आधीच. डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी रुमालानं स्वतःचे डोळे पुसले. घाम नव्हता तो.

रडणं ऐकून जमादार आत आला. काय भानगड आहे म्हणाला. कुणी बोलायच्या आत माय उभी राहिली. "मी देल्ली बाळगोळी. दोनबी मीच देल्ल्या. पोरीले काही मालूम नाही." मी तोंड उघडलं तर तिनं माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. जमादारानं विचारलं, गोळी आणली कुठून? "संपली जी. शेवटची होती." डॉक्टर म्हणाले, "जमादार, आज हे पोर वाचलं ते खरं बोलल्यामुळे. तुम्ही हिला नेलं तर उद्या दुसरी बाई खरं बोलेल का? विचार करा." जमादार नान्ह्याकडे बघत राहिला. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "माह्या मायनंबी मले देल्लीच असन, म्हणून डोक्शात उजेड कमी हाय. पण बाई, आता कायदा आला. दुसऱ्यांदा तुह्या तोंडून हे नाव आइकलं तं मी काही करू शकनार नाही, समजली?"

परतताना बाबा सायकल हातात धरून चालले. मी माराची वाट पाहत होते. घरी गेल्यावर, जेवल्यावर, दुसऱ्या दिवशी. मिळाला नाही. मायनं मला तालमीचंही विचारलं नाही. त्या दिवशी दोन रट्टे बसले असते तर फार बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

संमेलनाला माय आली नाही, नान्ह्याला अजून अशक्तपणा होता. मी गेले. शाळेपुढे मांडव, त्यात गावातल्या सगळ्या बायका पुढे बसलेल्या, बँड वाजत होता, कर्णा किंचाळत होता. मी माइकपुढे उभी राहिले आणि समोर पाहिलं. बायकांच्या मांडीवर, खांद्यावर लहान मुलं. सात-आठ तरी. एवढ्या ढणढणाटात एकही रडत नव्हतं, एकही इकडेतिकडे पाहत नव्हतं. सगळी गाढ निजलेली. शेजारच्या शेवंताकाकूच्या खांद्यावरचा तिचा बारका तर तोंड उघडं टाकून असा पडला होता की मला नान्ह्याचे ओठ आठवले. गुरुजी बाजूनं कुजबुजले, "अफू, गांजा..." आणि मी चालू झाले. अख्खं भाषण म्हटलं. मुंबईची मुलं, गर्द, सुई, चार राक्षस, चार बोटं. एक शब्द चुकला नाही. पाहुण्यांनी पाठ थोपटली, स्टीलचा डबा दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुलांची झोप न मोडता.

घरी आले. माय दारात पानं कापत होती, नान्ह्या तिच्या पाठीवर बांधलेला, केस ओढत. मी डबा पुढे ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांगतलं का?" ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या घरचं."

मला वाटलं होतं ते लपवायचं आहे. मी म्हणाले, "नाही. गुरुजीनं लिहून देल्लं तेच सांगतलं."

"शेवंता होती का तिथं? तिचं लेकरू?"

"होती. निजला होता तिचा बारका."

मायनं कैची खाली ठेवली. "मंग तू बोलली कायले वं?" ती म्हणाली. रागानं नाही. खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं.

दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा वार. मायनं टोपली माझ्या डोक्यावर दिली, कारण नान्ह्या तिच्या कडेवर होता. सट्टेदाराच्या ओसरीवर वीस-पंचवीस बायका ओळीनं बसल्या होत्या, मुनशी कट्टे सोडून बघत होता. गोपिकामायही होती खांबाला टेकून. कुणाला ना कुणाला पुडी द्यायला ती त्या दिवशी येतच असे. माय ओळीत बसली नाही. उभीच राहिली. चारचौघांत मायनं तोंड उघडल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती बोलली. दोन गोळ्या कशा झाल्या, ओठ कसे जांभळे पडले, भीतीनं खोटं कसं बोलली, आणि ते खोटं टिकलं असतं तर त्याच सुईनं नान्ह्या कसा गेला असता, सगळं. माझं नाव तेवढं घेतलं नाही.

मुनशी म्हणाला, "बाई, हे इथं बोलू नको. जमादाराच्या कानावर गेलं म्हणजे?"

"जाऊ दे," माय म्हणाली.

गोपिकामाय खांबापासून सरळ झाली. तिला लागलं होतं. "चाळीस वर्ष झाले देऊन राहिली मी. माह्या हातानं कोणाचं लेकरू मेलं, सांग?"

माय तिच्याकडे वळली. गोपिकामायशी ती कधी वर मान करून बोलली नव्हती, तेव्हाही तिनं मान खालीच ठेवली. "माही सुमन झटक्यानं गेली, असं तुम्हीच सांगतलं माय. मीबी तेच म्हणत आली. डाक्टरलेबी तेच सांगतलं, झटके. झटके मी पाहिलेच नाही कधी. ना सुमनचे पाहिले, ना याचे."

सुमन माझ्या पाठची. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि घरात तिचं नाव निघत नसे. त्या ओसरीवर मला पहिल्यांदा कळलं की माय तिला विसरली नव्हती. जिच्या घरातलं कुणी झटक्यानं गेलं नव्हतं अशी बाई तिथे क्वचितच असेल. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. गोपिकामाय हळूहळू खाली बसली, जशी भिंत पावसात बसते.

मग शेवंताकाकूनं खांद्यावरच्या बारक्याला खाली मांडीवर घेतलं आणि हलवलं. "बारक्या. ए बारक्या." तिच्या शेजारचीनं आपल्या मुलीच्या गालाला चिमटा घेतला. एकेक करून सगळ्यांनी सुरुवात केली. एक मूल रडलं, मग दुसरं. मुनशीनं हातातला कट्टा ठेवून दिला. शेवंताकाकूचा बारका मात्र उठेना, मान टाकून देत होता, आणि तिचा आवाज चढत चालला होता. गोपिकामाय उठली. तिनं ते मूल तिच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं, रांजणापाशी गेली, ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं, पाठीत थोपटलं, पुन्हा पाणी मारलं. "रड," ती त्याला म्हणत होती, "रड ना रे माह्या राजा, रड, रड," आणि तो रडेपर्यंत तिच्याच डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तो रडला तेव्हा ओसरीवरची सगळी मुलं आधीच रडत होती, आणि एकही बाई कुणाला गप्प करत नव्हती.